गाळलेलं पाणी

“हे पाणी नदीला द्यायचं नाही, त्रिशला. सांगलीच्या केंद्रात नेऊन पोचवायचं. एवढं माझं ऐक.”

तो आवाज पहाटेच यायचा. वैशाखातली कृशांगी कृष्णा विस्तीर्ण वाळूच्या कुशीत निजलेली असायची. पूर्वेच्या ओठांवर केशराची पुसट रेघ उमटायची, आणि त्या रेघेबरोबरच नवऱ्याचा, धन्यकुमारांचा आवाज त्रिशलाबाईंच्या उशाशी येऊन बसायचा. माणूस मार्गशीर्षात गेला. आवाज गेला नाही.

“पोचवीन हो,” असं तेव्हा त्रिशलाबाईंनी मान हलवून, धन्यकुमारांचा थंड होत चाललेला हात हातात घेऊन सांगितलं होतं.

चाळीस वर्षं त्रिशलाबाईंचा एकच नियम. उजाडलं की घाटावर जायचं. घागरीच्या तोंडावर दुपदरी गाळणं धरायचं, शुभ्र, मऊ, रोज धुतलेलं. पाणी गाळायचं, आणि गाळण्यावर राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळलेल्या पाण्याच्या धारेनं शेवटच्या पायरीखालच्या डोहात हलकेच परत सोडायचे. ज्याचं घर, त्याला परत. चाळीस वर्षांत एक दिवस खंड नाही. ताप असो, तोरण असो, सुतक असो.

आणि त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत धन्यकुमारांचा स्टुडिओ. रक्तवर्ण दिव्याची, श्यामल पडद्याची, ओल्या कागदांच्या आंबूस गंधाची ती खोली! तिथं चेहरे पाण्यातून उगवत. आधी भुवया, मग डोळे, मग हसू. फोटो पक्का करणारं ते हायपोचं पाणी वापरून वापरून थकलं, की धन्यकुमार ते कॅनमध्ये भरून टेबलाखाली ठेवत. दर वर्षी एकदा सांगलीला नेत. तिथं त्यातली चांदी काढून घेत आणि उरलेलं रीतसर निकामी करत. शेवटची तीन वर्षं मात्र पाय चालले नाहीत. नऊ कॅन साठले. काळोखात बसलेले, मुके, नऊ.

घर महिनाअखेर सोडायचं होतं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, “आई, ते डबे तेवढे टाकून दे गं कुठंतरी.” कुठंतरी! त्या एका शब्दाशी त्रिशलाबाई दोन दिवस एकट्या बसून राहिल्या. मग तिसऱ्या दिवशी एक कॅन उघडला. पाणी काळपट, गढूळ, तळाशी गाळ. त्यांनी काय करावं? जे जन्मभर केलं तेच केलं. नवं कोरं गाळणं आणलं, दुपदरी नव्हे, चौपदरी केलं, आणि ते पाणी गाळलं.

काळं कापडावर राहिलं. खाली उतरली ती फिकट सोनेरी, निर्मळ, नितळ धार.

आता हे ते पाणी कुठं राहिलं? गाळलं की पाणी शुद्ध होतं. ही त्यांची बालपणापासूनची श्रद्धा, श्वासाइतकी सहज. त्यांनी ते शेवटच्या पायरीखालच्या डोहात सोडलं. हलकेच. नेहमीच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी डोहावर चांदणं पडलं होतं. भर सकाळी, चांदणं! त्रिशलाबाई वाकल्या. बोटाएवढे मासे होते ते. शुभ्रोदर, निश्चल, उताणे. चाळीस वर्षं ज्या घरात त्यांनी जीव परत पोचवले, त्या घरात आता हालचाल नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडून सांगावं असं घरात कोण होतं? आत गेल्या, खुंटीवरचा कॅमेरा काढला. रोलवर एकच फोटो उरला होता. धन्यकुमारांनी कशासाठी राखला होता कुणास ठाऊक. तो त्यांनी डोहावर खर्च केला. मग तीस वर्षं पाहून पाठ झालेल्या हातांनी आधी काळोखात रोल, मग लाल उजेडात कागद धुतला, आणि वापरलेलं हायपो रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये थेंबन्‌थेंब भरून झाकण घट्ट लावलं.

पुन्हा नऊ.

महिन्याचा पहिला रविवार छायामंडळाचा, स्टुडिओत जमणाऱ्या फोटोवेड्या मित्रांचा. दोरीवर चिमट्यांनी फोटो टांगायचे, खाली नाव नाही. आणि सगळ्यांचं बोलून होईस्तोवर ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही, हा मंडळाचा कायदा. एकेकाळी चौदा माणसं, चौदा कप चहा. आता दोन. बाबगोंडा पाटील काठी टेकत आले, सत्तार मुल्ला खोकत आले. धन्यकुमारांचं सामान वाटून घ्यायचं होतं, म्हणून हा शेवटचा रविवार. दोरीवर एकच फोटो होता.

“कुणाचा ओ हा?” सत्तारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“विचारायचं नाही. कायदा हाय,” बाबगोंडा म्हणाले. “तुझं मत सांग. नेहमीसारखं वाकडं.”

“वाकडा फोटोच हाय! पायरी बघा की, डावीकडं घसरलीया. आन् हात हललाय. धरणाऱ्यानं श्वास रोखला नाही.”

बाबगोंडा फोटोजवळ गेले.

“श्वास न्हवं, सत्तार. रडू रोखलंय.”

सत्तारभाई पुढं झाले. “ही चांदी कसली चकाकतीया पाण्यावर?”

“मासे हायत. मेलेले.”

दोघांचं बोलून झालं होतं. मग पडद्याशी उभ्या त्रिशलाबाई म्हणाल्या, “माझा आहे तो. आणि मासेही मीच मारले. ह्यांचं पाणी मी चौपदरी गाळून सोडलं, भाऊजी. अगदी स्वच्छ झालं होतं हो.”

बाबगोंडा त्यांच्याच जैन धर्माचे. त्यांच्या घरीही पाणी गाळूनच प्यायचं. त्यांची मान खाली गेली. “वहिनी, चांदी विरघळली की दिसत न्हाई. ती कुठल्याच कापडाला सापडत न्हाई.”

“माझ्या पोराचा टेम्पो हाय,” सत्तारभाई घाईनं म्हणाले. “गुरुवारी नऊच्या नऊ कॅन सांगलीला नेऊन टाकू. तुम्ही नुसतं बसा घरात.”

“नको, सत्तारभाई. एकदम नेले तर मी एका दिवसात सुटेन.”

फोटो मोठे करायचं यंत्र अजून चालत होतं, ते गावच्या शाळेसाठी सत्तारभाईंनी घेतलं, कॅमेऱ्याचं तिकाटणं बाबगोंडांनी. फ्लॅशच्या फुगलेल्या बॅटऱ्या, मेलेला प्रकाशमापक एका खोक्यात भरून कॅनांशेजारी ठेवले. जाताना सत्तारभाईंनी दोरीवरचा फोटो चिमट्यासकट सरळ केला. “पायरी वाकडीच राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “फोटो खरा हाय.”

मग पावलं गेली, काठी गेली, खोकला गेला. चहाचे दोन कप उरले.

दुसऱ्या दिवशीची पहाट. तीच केशराची रेघ, तीच कृशांगी नदी. त्रिशलाबाईंनी पाणी गाळलं आणि गाळण्यावरचे जीव आज डोहात नव्हे, वाळू तुडवत जाऊन वाहत्या धारेत सोडले. मग नवा नियम घेतला. रोज एक कॅन. तो पोचल्याशिवाय अन्न नाही. नऊ दिवस कॅनांचे, दहावा खोक्याचा.

पहिला कॅन त्यांनी पिशवीत उभा ठेवला, भोवती तेच काळं पडलेलं चौपदरी गाळणं गुंडाळलं. दाराला कडी लावली. नदीकडं पाठ करून, एक हात पिशवीखाली धरून, भरल्या घागरीसारखी जपून, एक थेंब न हिंदकळू देता, त्या पहिल्या एस्टीच्या दिशेनं चालू लागल्या.

मागं, रिकाम्या खोलीत, दोरीवर एक वाकडी पायरी. आणि समोर, उजाडत्या वाटेवर, एकच लांब सावली.