‘श्री’च्या पुढची नावं

मी एक जुनी टॅबची कळ आहे. मित्रांनो, एकोणनव्वद साली मालवण बंदराजवळच्या, होड्यांना परवाने देणाऱ्या एका कचेरीत संगणक आले. त्यातल्या एकाच्या कळफलकावर, अगदी डाव्या कडेला, माझी जागा होती. काम लहानसंच. नावाची पहिली अक्षरं लिहून मला दाबलं की उरलेलं नाव मी पुरं करायची.

पण तिथे माझं काही चालेना. प्रत्येक होडीची एक फाईल, आणि शुभ म्हणून प्रत्येक फाईलचं नाव ‘श्री’ने सुरू केलेलं. श्रीसातेरी, श्रीभगवती, श्रीभद्रकाली. ‘श्री’ लिहून मला दाबलं तर मी त्यातलं कुठलं पुरं करणार? संगणक नुसता टुक् करायचा.

माझ्या संगणकावर काम करणाऱ्या सुगंधाताईची बोटं संधिवाताने आखडली होती, आणि घर तिच्या एकटीच्या नोकरीवर होतं. लांब नावं लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी संगणकासोबत आलेलं जाडजूड पुस्तक चाळून तिने मला नवी रीत लावून दिली. ‘श्री’ सोडून पुढची अक्षरं बघायची, आणि दोन नावं जुळली तर अंदाज न करता दोन्ही दाखवायची.

शेजारच्या टेबलावरचा भिकाजी चिडवायचा, "काय गो सुगंधा, देवाकच वगळलंस?"

"वगळूक नाय रे. तो आधीच थंय, सुरवातीक आसा. माका फक्त फुडचा नाव होया."

पुढे भिकाजीही आपल्या संगणकावर तिचीच रीत वापरू लागला. माझे ते सुखाचे दिवस.

मग नवे साहेब आले. सगळ्या संगणकांची मांडणी एकसारखी हवी म्हणून त्यांनी तिची रीत पुसून टाकली. तेवढं राहू द्या, असं तिने हलक्या आवाजात विनवलं. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर मिळालं.

परवान्यांच्या गर्दीत तिचं बोट ‘ग’ऐवजी ‘द’वर घसरलं आणि चुकीची फाईल उघडली. श्रीभगवतीचा कागद श्रीभद्रकालीच्या नावे निघाला. मी दोन्ही नावं समोर ठेवली असती, मित्रांनो. पण माझी वाचाच काढून घेतली होती. साहेबांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

जाताना तिने सवयीने ‘भ’ लिहून मला दाबलं. टुक्.

"तुझो दोष नाय गो," ती म्हणाली, आणि पदराने मला पुसलं.

आता मी अडगळीच्या कपाटात आहे. खाऱ्या हवेने माझी स्प्रिंग गंजली आहे. मित्रांनो, कुणाची मांडणी मोडण्याआधी तिच्यावर कुणाचा हात टेकला आहे, एवढं विचारत जा. आमच्या कचेरीत ते कुणी विचारलं नाही. आणि आता सुगंधाताई परत आली, तरी मी दाबली जाणार नाही.