शून्य वारा

“तुम्ही खोटं बोलता.”

अर्जाची पहिलीच ओळ हारिसनं अशी हाणली आणि पेनचं टोक कागदात रुतवलं. ‘प्रति, मा.’ यातलं ‘मा.’ त्यानं आधीच खोडलं होतं. खोटारड्याला माननीय कावून म्हणायचं?

समिनानं पाठीमागून वाकून वाचलं.

“भाई, सरकारी अर्ज हाय हा. साहेबाला ‘तुमी’ लिव्हतेत का? ‘आपण’ लिव्ह.”

“आपण म्हणण्यासारखं काय केलंय त्यांनी?”

“मंग बस तसाच. अर्ज जाईल टोपलीत अन् अब्बा जातील आत.”

बहिणीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. तिचं खरं होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती.

एकवीस एप्रिलला दुपारी चार वाजता मांजरसुंब्याच्या फाट्यावर असं वावधन सुटलं की ढाब्यावरच्या बाजा उडून हायवेवर आल्या. हारिसच्या बापाच्या, कासमच्या, गॅरेजचा पत्रा फाटून निघाला आणि खाली चहा पीत उभ्या असलेल्या भगवानरावांच्या दंडावर बसला. भगवानराव अजून अंबाजोगाईच्या दवाखान्यात आहेत. हात राहील की जाईल, डॉक्टर बोलत नाहीत. इकडे कासमवर निष्काळजीपणाचा गुन्हा. फाट्यावरची निम्मी शेडं ज्यानं उभी केली, त्या माणसाला चौकशीच्या साहेबानं दोन वाक्यांत झोपवलं. “महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर त्या वेळी वाऱ्याचा वेग शून्य. अधिकृत नोंद आहे. वारा नव्हता, म्हणजे पत्रा तुझ्या कच्च्या कामानं पडला.”

“माझा एक बोल्ट ढिला न्हवता,” घरी येऊन कासम म्हणाला होता. “पत्रा फाटलाय, बोल्ट जाग्यावर हायेत. त्यांनी मान वर करून बघितलं बी न्हाई.”

तेव्हा हारिसच्या डोक्यात आलं की वारा आपणच दाखवू. त्याचा धंदाच तो. संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी तो हवामान बनवायचा. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये त्याचं अॅड-ऑन टाकलं की मराठवाड्यावरचं आभाळ आज जसं असेल तसं दिसायचं. ढगाची सावली बालाघाटाच्या डोंगरावरून सरकायची, माळावर धूळ उठायची, हिवाळ्यात सकाळी धुई धरायची. हे त्याला कुण्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं. बापासारखाच खोलून-जोडून शिकलेला गडी.

“बसा अब्बा. माझ्याकडं मागची हवा साठवलेली असते. हे बघा.”

त्यानं तारीख टाकली, वेळ टाकली. विमान मांजरसुंब्यावर आलं. ऊन बरोबर होतं, ढग बरोबर होते. फाट्याजवळ त्यानं हौसेनं एक धावपट्टी बनवली होती. तिच्या कडेची, वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी होऊन फडफडायला हवी होती. ती मेल्या कोंबडीगत लटकत होती.

वारा तो मंडळाच्या त्याच केंद्राच्या नोंदीतून घ्यायचा.

कासम पडद्याकडे बघत राहिला.

“हे तू बनवलंस?”

“हो.”

“मंग तू बी त्या साहेबासारखाच.”

आणि हाताला वंगणाचा डाग नसताना कासम मोरीवर जाऊन हात चोळत बसला. त्या रागात हारिसनं अर्ज लिहायला घेतला होता. आता तो तसाच टाकून, ते केंद्रच बघायला त्यानं गाडीला किक मारली.

केंद्राचा खांब आप्पारावांच्या गोठ्यामागं होता. हारिस भिंतीवर चढला. वाऱ्यावर फिरून त्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या सुतळीनं खांबाला करकचून बांधल्या होत्या. सुतळी उन्हानं काळी पडली होती.

“कुणी बांधलं हे?”

“म्या,” खालून आप्पाराव म्हणाले. “चरचर लई करायचं. आमची म्हातारी आजारी, डोळा लागंना तिचा. ऑफिसला फोन केलता. म्हणले माणूस पाठवतो, तवर ऱ्हाऊ द्या. दोन वर्सं झाली.”

“दोन वर्षं? अन् कुणीच आलं न्हाई?”

“कोण येतंय? तू तरी कुठं आलास बे? रोज हितूनच गाडी पळवितोस. तुझं तर पोटच ह्या वाट्यांवर हाय म्हणं.”

हारिसला एक मेल आठवला. गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका निवृत्त वैमानिकानं त्याला मेल केला होता. तुमच्या भागात हवा इतकी शांत कशी असते? हारिसनं ताठ मानेनं उत्तर धाडलं होतं, ही अधिकृत नोंद आहे. ते टाइप करताना टेबलावरचे कागद उडत होते, म्हणून त्यानं उठून खिडकी लावून घेतली होती.

“सोडू का सुतळी?” आप्पारावांनी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या. पुरावा हाय.”

सुतळीची गाठ नीट दिसेल असा त्यानं फोटो काढला.

घरी आल्यावर त्यानं अर्जाची पहिली ओळ खोडली.

“समिना, तुझं बरोबर हाय. ‘आपण’च पाहिजे.”

“आली का अक्कल ठिकाणावर?”

मोरीवरून कासम उठून दारात आला होता. त्याच्याकडे न बघता हारिस लिहीत गेला, एकेक अक्षर दाबून, मागच्या पानावर वळ उठेपर्यंत:

‘वाट्या सुतळीने बांधलेल्या आहेत, फोटो सोबत जोडला आहे. सलग दोन वर्षे या मंडळात एकदाही वारा सुटला नाही, हे आपल्याला खरे कसे वाटले? आपण एकदा तरी मान वर करून का बघितले नाही? लेखी उत्तर पाहिजे.’