बँडवाल्यांच्या कोटांची चांदणी

माघात तोताराम शिंप्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली. शिरपुरातलं दुकान सुटलं आणि शिलाई मशीन व चिंध्यांचं एक पोतं घरी आलं. तेव्हापासून ते कशालाच नाही म्हणेनात. भाजी अळणी झाली तरी "चालेल", पंखा बंद केला तरी "चालेल". चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी वाद घातलेला माणूस इतका मऊ पडलेला पाहून त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, आतून भीती वाटायची.

चैत्रातल्या एका दुपारी त्यांनी ते पोतं खाटेजवळ ओतलं.

"माले गोधडी शिकाडा," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी फक्त काजं-बटणंच केली होती.

तोतारामांनी डाव्या हाताने एक लाल तुकडा उचलला. "हिलालभाऊना बँडवालास्ना कोट," ते सावकाश बोलले. मग शाळेच्या सदऱ्यांचं पांढरं कापड वेगळं काढलं. "चांदणी कर."

पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून मंजुळाबाईंनी खडूने रेघा मारल्या. चांदणी नऊ चौकोनांची होती: मधला लाल, कोपऱ्यांचे चार पांढरे. आणखी दोन लाल आणि दोन पांढरे चौकोन तिरपे कापून आठ त्रिकोण झाले. एक लाल, एक पांढरा असे जोडून त्यांचे पुन्हा चार चौकोन करायचे होते.

"तिरपी कड ताणू नको. नखइतली जागा सोड."

मशीन हळू चालू लागलं. खिडकीला लावलेल्या जुन्या लुगड्यातून ऊन गुलाबी होऊन आत येत होतं. प्रत्येक शिलाई त्या नखाने दाबून लाल कापडाकडे मोडत होत्या. तोतारामांचे डोळे मिटत चालले. झोपेतच ते पुटपुटले, "बाही आखूड ठेव, वाजवताना हात वर जातो."

मंजुळाबाईंनाही गुंगी आली. लाल कोटवाले गल्लीतून चाललेत, मागे पांढऱ्या सदऱ्यांची पोरं, पण कुणाच्याच पायांचा आवाज नाही. ती वरात पार नदीपर्यंत गेली. त्यांच्या हातांनी मात्र काम थांबवलं नव्हतं. तीन-तीन चौकोनांच्या तीन पट्ट्या झाल्या. शिलाईवर शिलाई ठेवून, टाचण्या लावून त्यांनी पट्ट्या एकमेकींना जोडल्या.

तोताराम जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी तुकडा मांडीवर पसरला आणि बराच वेळ पाहिला. मंजुळाबाई "चालेल"ची वाट पाहत होत्या.

"हाई टोक उलटं शे," ते म्हणाले. "उसव."

आवाज दुकानातला होता, कोरडा आणि ठाम. मंजुळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि कात्रीच्या टोकाने टाके काढायला घेतले.

चौकोन फिरवून पुन्हा बसवताना तोतारामांनी डाव्या तळव्याने कापड धरून ठेवलं. चारही टोकं आता एकाच दिशेने वळली. इस्त्री फिरल्यावर चांदणी सपाट बसली. मंजुळाबाईंनी ती खाटेवर पसरली.

"भाजी आज चांगली करजो," तोताराम म्हणाले. "महिनाभर मीठच नही."

त्या हसत चुलीकडे गेल्या. मागे तोताराम पोत्यात हात घालून दुसऱ्या चांदणीसाठी निळं कापड शोधत होते. गोधडीला अशा वीस लागणार होत्या.