दिवस मावळण्याआधीचा घोट

सफरचंदाच्या सिरक्याची बाटली खपवायची असली, की हितेश गिऱ्हाइकाला आईचाच दाखला द्यायचा. "आमच्या मम्मीची शुगर बघा, निम्म्यावर आली!" आळेफाट्यावरच्या त्या किराणा दुकानामागेच घर होतं, त्यामुळे त्याच्या बायकोला, रीनाला, हे रोज ऐकू यायचं. नवऱ्याला यंत्रावरचा आकडा दिसत होता. सासूबाईंचे थरथरणारे हात तिला दिसत होते.

जैन घर, सासूबाई मंगलाबाईंचा चौविहार. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. सिरका घरात आला तेव्हाच रीनाने विचारलं होतं, "मम्मी, हे तर आंबवलेलं. आपल्याला कसं चालतं?"

"औषधाला दोष नसतो," मंगलाबाई म्हणाल्या होत्या. सोयीचा धर्म कुणाला गोड लागत नाही?

मावळतीला शुगरची गोळी आणि तिच्यावर सिरक्याचा घोट, तोही पाणी न घालता. दात आंबत, छातीत जळे, अन्नावरची वासना तर पार उडाली. दोन भाकऱ्या खाणारी बाई अर्ध्या खाकऱ्यावर आली आणि वर खूश, की तप आपोआप घडतंय! डॉक्टरांना विचारू या, असं रीना म्हणाली की हितेश हसायचा. "आकडा खाली येतोय ना? साखर म्हणजे विष गं."

त्या संध्याकाळी राजुरीच्या कुशाबाई दुकानात बाटली घेत होत्या. "लई गुण येतो म्हंत्यात. खरं का, शेठ?"

हितेश तोंड उघडणार, तोच आत भांडं पडलं.

मंगलाबाई ओट्याशी बसकण मारून बसल्या होत्या. साडी घामाने चिंब, नजर भलतीकडेच. रीनाने घाईघाईने साखरेचं पाणी कालवून ओठांशी नेलं. मंगलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. हायवेवर दिवे लागले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"अहो, सांगा ना मम्मींना!"

हितेश दारातच थबकला. "व्रत मोडलं तर मम्मी मला जन्मभर माफ करणार नाही."

"जन्म उरला तर ना!" रीना त्याच्यावर खेकसली. मग सासूबाईंच्या कानाशी वाकली. "मम्मी, हे औषध आहे. औषधाला दोष नसतो, तुम्हीच म्हणाला होतात!"

मंगलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. ओठ जेमतेम हलले. "साखर... विष ना रे, बाळा?"

मान एका बाजूला कलली.

"गाडी काढा की शेठ, बघताय काय!" मागून कुशाबाई ओरडल्या. धावत येताना त्यांनी आपली बाटली गल्ल्यावरच ठेवली होती.

मागच्या सीटवर रीनाने सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि चिमूटभर साखर बोटाने त्यांच्या गालाच्या आत चोळत राहिली. फाट्यावर ट्रकची रांग लागली होती. हितेश एका हाताने हॉर्न दाबत सारखा आरशात बघत होता.

"विरघळतेय का गं? मम्मी गिळतेय का?"

रीनाच्या बोटाला साखर अजून खरखरीत लागत होती.