कासवाचं ऊन

ठमाबाईला उन्हाचा वीट आला होता. मिठागरावर ऊन एकदा वरून लागतं आणि पांढऱ्याफेक मिठावरून उसळून दुसऱ्यांदा तोंडावर येतं. पहाटे घर सोडायचं, दिवसभर लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं, टोपल्या डोक्यावरून बांधावर नेऊन ओतायच्या. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण खाडीवरचं ऊन होतं तेच. ऊन मिळत नाही म्हणून एखादा जीव मरायला टेकलाय असं कोणी सांगितलं असतं, तर ठमाबाईने त्याला वेड्यात काढलं असतं. आणि तो जीव तिच्याच घरात, मडक्यात होता.

तिचा नवरा नामा तिच्या बरोबरीने वीस वर्षं मिठावर राबला. त्या चकाकीने त्याचे डोळे अधू झाले. उजेड दिसला की सुया टोचायच्या, पाणी गळायचं. डॉक्टरांनी महिनाभर सावलीत बसायला सांगितलं. नामाने महिन्याचं वर्ष केलं. माजघरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोलणंही टाकलं. पोटी मूल नाही, नवरा असा. ठमाबाई घरी येऊन चुलीशीच चार शब्द बोलायची.

तिचा भाऊ कोंडाजी बैलगाडीने मीठ घेऊन घाटावर जाई. एका खेपेला त्याने तिकडच्या माळावरून लिंबाएवढं कासवाचं पिल्लू आणलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. नामाने ते तळहातावर घेतलं आणि हे खातं काय म्हणून विचारलं. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज घरात ऐकू आला. त्या दिवसापासून तो कासवाशी बोलू लागला, आणि उरलंसुरलं बायकोशी. ठमाबाईला तेवढंही पुष्कळ होतं.

खाडीवरच्या माणसाला कासव म्हणजे पाण्यातलंच. म्हणून दोघांनी मोठ्या शहाणपणाने त्याला ओल्या मडक्यात, अंधारात नामाच्या पायाशी ठेवलं. चार महिन्यांत पिल्लाने खाणं सोडलं, डोळे सुजले, पाठ बोटाने दाबली तर अर्धवट वाळलेल्या पापडासारखी लवू लागली. कोंडाजी पुन्हा आला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. हे माळावरचं जनावर, म्हणाला. सकाळी कोवळ्या उन्हात अंग शेकणार, ऊन चढलं की झुडपाखाली शिरणार, तिसऱ्या प्रहरी पुन्हा बाहेर येणार. लहानपणी ऊन मिळालं नाही तर पाठ धरत नाही. असंच ठेवलं तर आठ-पंधरा दिवसांचा सोबती.

ठमाबाईला भय वाटलं ते नामाचं. पिल्लू गेलं की हा पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार, आणि या खेपेला त्याला परत वळवायला कोणी येणार नव्हतं.

तिने आधी मडक्याशेजारी कंदील लावून पाहिला. घासलेट जळलं, नामाचे डोळे झोंबले, कासव ढिम्म. मग ती त्याला टोपलीतून मिठागरावर घेऊन गेली. तिथे ऊन हवं तेवढं, पण सावली औषधालाही नाही. घटकाभरात पिल्लू तोंड वासून पडलं आणि हातातली फळी टाकून तिला घरी पळावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याला घरच्या अंगणात ठेवलं आणि उन्हातून सावलीत हलवायला ती दोनदा घरी येऊन गेली, तेव्हा मुकादमाने बोल लावले. त्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. पाय उचलेना.

"मी एकलीनं किती ऊन झेलायचं?" ती म्हणाली. "उद्यापासून याला अंगनात तुमी न्या."

"डोले जलतान गो."

"मिटून घ्या. कासव धराया डोले कशाला लागतान?"

बोलून गेल्यावर ठमाबाईला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीठ ओढताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कावळा, मुंगूस, मेलेलं पिल्लू, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. काम संपताच ती तशीच निघाली.

नामा अंगणात होता. सूर्याकडे पाठ करून, डोक्यावरून पंचा ओढून, डोळे घट्ट मिटून शेवग्याशी बसला होता. पंच्याखालून गालांवर पाणी ओघळत होतं, आणि तळहाताखाली कासव होतं. पावलं ओळखून तो सांगू लागला. पाठ गार लागली की उन्हात सरकवायचं, हाताला चटका बसला की सावलीत घ्यायचं. दिवसभर हेच केलं. दुपारी पिल्लाने शेवग्याचं एक पान खाल्लं, अर्धं टाकलं.

ठमाबाई बघायला वाकली. नामाने तिला चाचपायला हात पुढे केला, तो तिच्या पाठीवर पडला आणि तिथेच थांबला.

"तापलीस गो," तो म्हणाला. "सावलीत बस."

वीस वर्षांत तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. चूल पेटवायची होती, पाणी आणायचं होतं. ठमाबाई शेवग्याच्या सावलीत बसली आणि पदरात तोंड घालून रडली.