रोजचे पाच स्टार

ईट गावाजवळच्या मेंढपाळ संघाच्या लसीकरण केंद्रात शिवलीलाची चौदा वर्षं गेली, पण गेल्या दीड वर्षानं तिला पार पिळून काढलं. आधी रजिस्टरात एक ओळ लिहिली की झालं: बिराप्पा, दीडशे मेंढरं, लस दिली. मग एका कंपनीचं सॉफ्टवेअर आलं. मेंढरामागं एक फॉर्म, फॉर्मात बारा रकाने. मेंढराचं नाव काय म्हणे! डोंबल!

सकाळपासून म्हातारा बिराप्पा कळप घेऊन दारात बसला होता. दुपार झाली तरी एकतीसच नोंदी झालेल्या. नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय लसीची बाटली फोडायची नाही, असा संघाचा हुकूम. दिवाळीत असाच ताटकळून म्हातारा लस न घेताच पुढं गेला आणि रोगानं त्याची अठरा मेंढरं मेली.

"ताई, उद्या चाऱ्याला निघायचंय. आज हुईल न्हवं?"

"बघते मामा," ती म्हणाली. तिची मान भरून आली होती.

तेवढ्यात सॉफ्टवेअर कंपनीचा अमरसिंह आला. वापरणाऱ्यांच्या अडचणी समजून घ्यायला म्हणे. शिवलीलाला हायसं वाटलं. तिनं भडाभडा सगळं सांगितलं. कळपाची एकच नोंद करू द्या, एवढंच मागितलं.

अमरसिंह गोंधळला. "मॅडम, ती सोय जूनमध्येच केलीय. ज्यांनी तक्रार केली त्या केंद्रांना दिली. तुमचे तर रोज पाच स्टार! सगळ्यात समाधानी तुम्हीच."

शिवलीलाचा चेहरा उतरला. संध्याकाळी काम बंद करताना स्क्रीनवर प्रश्न यायचा, समाधानी आहात का? चार स्टार दिले की कारण लिहायचा भलामोठा चौकोन उघडायचा, आणि तो भरल्याशिवाय सुटका नसायची. साडेपाचची एसटी चुकायची. मग ती रोज पाचच दाबायची.

"मग आता द्या की."

"अर्ज करा. पंधरा दिवसांत होईल."

ती उठून बाहेर आली. "मामा, तुमची अठरा मेंढरं माझ्यामुळं गेली हो. मीच सगळं बरंय म्हणत राहिले."

"आमी तरी काय करतो ताई? कुणी बरं हाय का म्हनलं की व्हय म्हनतो. न्हाय म्हनलं तर बसून सांगावं लागतंय."

शिवलीला आत गेली, फ्रिजमधून बाटली काढली आणि सुई भरली.

"संघ इचारंल की!" बिराप्पा दचकला.

"विचारू दे. बसून सांगीन. आणा पहिलं मेंढरू."