आनंदीबाईंचं बोटीचं कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो. मुदत संपलेलं, कडा झिजलेलं, एका कोपऱ्याला चीर गेलेलं. रत्नागिरीत मांडवीच्या अंगाला आनंदीबाईंचं घर आहे. त्या घराच्या पडवीतली खिडकी खाऱ्या वाऱ्यानं आपटते, म्हणून मला तिच्या फटीत खोचून ठेवलंय. पाऊस आला की भिजतो, ऊन आलं की तापतो. पण एके काळी मी देव्हाऱ्यात बसत होतो, हे आधी ऐकून ठेवा. उगीच प्लास्टिकचा तुकडा म्हणून हिणवू नका.

माझा जन्म एका यंत्राच्या जबड्यात झाला. आईबाप कोण ते ठाऊक नाही. छातीवर सोनेरी चिप, अंगावर उठावाचे आकडे नि खाली इंग्रजीत आनंदीबाईंचं नाव. ते नाव त्यांना वाचता येत नव्हतं. चौथीत शाळा सुटलेली. पण पाकिटातून मला काढलं नि सुनेला विचारलं, "नाव माझंच हाय ना गो? मग झालं. अक्षरं काय, दुसऱ्यांना वाचायला असतात."

सून म्हणजे योगिनी. शहरातल्या पतपेढीत नोकरीला. तिचा नवरा संदेश मुंबईत. घरात आनंदीबाई, योगिनी नि आप्पा.

आप्पा म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. उभा जन्म त्यांनी मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला. लोकांना वाटायचं, आप्पांनी जग पाहिलंय. कसलं जग! बोटीचं स्वयंपाकघर खाली, पोटात. तिथं एक गोल काच. त्या काचेतून जेवढा दिसेल तेवढा समुद्र. एकदा शेजारून पांढरी प्रवासी बोट गेली. वरच्या कठड्याला माणसं रेलून उभी होती. कुणाच्या हातात काम नाही, कुणाला घाई नाही. घरी आल्यावर आप्पा बायकोला म्हणाले, "काय करत नव्हती गो ती माणसं. नुसती उभी होती. मला पण एकदा तसं नुसतं उभं राहायचंय."

आनंदीबाई तेव्हा "उभं राहायला पैसे कशाला, हितं पडवीत रहा" असं म्हणाल्या खऱ्या. पण ते वाक्य त्यांनी मनात ठेवलं.

पुढे आप्पा निवृत्त झाले. त्यांच्या कमाईची ठेव आनंदीबाईंच्या नावानं बँकेत पडली, नि त्या ठेवीवर मी घरात आलो. योगिनीनं समजावलं की कार्डानं खरेदी केली की पॉइंट मिळतात, पुष्कळ साठले की त्यावर बोटीची सफर मिळते. मुंबईहून निघते, गोव्याच्या बाजूला जाऊन येते. पांढरी बोट, वर कठडा.

"कठडा हाय ना नक्की?" आनंदीबाईंनी एवढंच विचारलं.

आणि मग माझे राबायचे दिवस सुरू झाले! घरात खर्च तो किती, माणसं तीन. पण आनंदीबाई हरणाऱ्यातल्या नव्हेत. आळीत कुणाला काही घ्यायचं असलं की आनंदीबाई दुकानात आधी हजर. समोरच्या काशीरामनं फ्रीज घेतला तो माझ्यावर. शेजारच्या यमुनाबाईंच्या लेकीच्या लग्नाच्या साड्या माझ्यावर. गणपतीचं मखर, आंब्याच्या पेट्या, कुणाचा पंखा, कुणाचा चष्मा, सगळं माझ्यावर. "रोकड माझ्या हातात दे, कार्ड माझं घाल. तुझं काय जातं रे मेल्या?" असा कारभार. रोकड लगेच बँकेत भरायची, एक दिवस उशीर नाही. काशीराम हसून म्हणायचा, "काकी, बोट घेताय की काय विकत?" "घेतली तर तुला भांडी घासायला ठेवीन," हे उत्तर तयार.

मित्रांनो, माझा मान काय सांगू! खंडेनवमीला घरातल्या कोयत्याची, विळीची, आप्पांच्या झाऱ्याची पूजा व्हायची, त्यांच्या पंगतीत मलाही बसवलं. कुंकू माझ्या आकड्यांच्या खाचांत असं बसलं की दुकानातलं मशीन मला घेईना. आनंदीबाईंनी पदरानं पुसलं नि दुकानदारालाच झापलं, "तुझं यंत्र पांढऱ्या पायाचं हाय."

पण त्याच सुमाराला आप्पा दाराच्या चौकटीला धडकायला लागले. ताटातली डावीकडची चटणी त्यांना दिसेना. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती परत यायची नाही, उरलेली टिकवायला थेंब घाला, म्हणाले. किती दिवस टिकेल ते काही सांगितलं नाही. आप्पा घरी येऊन खाटेवर बसले नि म्हणाले, "अगदी बोटीतल्या गोल काचेसारखं दिसतं गो. मधलं तेवढं दिसतं, बाजूला काळं."

आनंदीबाई उठल्या. मला देव्हाऱ्यातून काढून त्यांनी कनवटीला लावलं, नि दुसऱ्या दिवसापासून लांज्यापर्यंतच्या सोयऱ्यांची खरेदी ओढून आणायला लागल्या.

पॉइंट भरले ते ऐन आषाढात, नि मी पुन्हा देव्हाऱ्यात बसलो. योगिनी धावत घरी आली. "आई, झाले! ऑक्टोबरच्या बोटीची दोन तिकिटं बसतात. पण आत्ताच करायला हवं. बँकेनं नियम बदललाय. जुलै संपला की जुने पॉइंट गेले."

"नारळ पडल्यावर बघू," आनंदीबाई म्हणाल्या.

योगिनीला आधी कळेचना. "अहो आई, नारळी पौर्णिमा ऑगस्टमध्ये आहे."

"मग ऑगस्टात बघू. सागराला नारळ दिल्याशिवाय बोटीचं नाव काढायचं नाय."

"जायचं नाहीये आत्ता! नुसतं नाव नोंदवायचंय. आणि ही काय मासेमारीची होडी आहे? दहा मजली बोट आहे ती."

"समुद्राला काय ठाऊक, लोखंडाची कुठली नि लाकडाची कुठली?"

यामागे दुखणं होतं, मित्रांनो. आनंदीबाईंचं माहेर हेदवीकडचं. धाकटा भाऊ आत्माराम एका वर्षी नारळापूर्वीच होडी लोटून गेला. चार पैसे आधी मिळतील म्हणून. होडीची फळी तेवढी किनाऱ्याला लागली. आई मरेस्तोवर त्याचं ताट वाढून ठेवायची. हे आनंदीबाईंनी पाहिलेलं. म्हणून त्या अडल्या, नि त्यात सून शिकवते म्हणून आणखीच अडल्या.

योगिनीनं तरी जुलैच्या शेवटी फोनवर सगळं भरलं. उरला फक्त ओटीपी. तो आनंदीबाईंच्या फोनवर आला. फोन टिंग वाजला. सून दारात उभी, सासू चुलीपुढे. मी देव्हाऱ्यातून बघतोय.

"आई, आकडा सांगा. आप्पांसाठी सांगा."

"माझ्या नवऱ्यासाठी काय करायचं ते तू नको सांगूस," आनंदीबाई म्हणाल्या, नि फोन तांदळाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं.

पडवीतून आप्पा हळूच म्हणाले, "जाऊ दे गो योगिनी. तिचं चुकत नाय. समुद्र हाय तो."

पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर होता. आनंदीबाईंनी आप्पांचा हात धरून पाण्यात नारळ सोडला. घरी येऊन पाय धुतले, मला देव्हाऱ्यातून काढलं नि ताठ मानेनं सुनेपुढे ठेवलं. "हां, घे आता. कर तुझं काय ते."

योगिनीनं फोन उघडून दाखवला. इंग्रजी वाचता येत नसलं तरी शून्य आनंदीबाईंना ओळखता येत होतं.

संदेशचा मुंबईहून फोन आला. "आई, मी भरतो पैसे. आप्पांना घेऊन जा." आनंदीबाईंचा आवाज तेव्हा सुरीसारखा होता. "तुझे पैसे तुझ्या संसाराला ठेव. माझ्या नवऱ्याला मी नेईन. घालवले मी, जमवीन पण मीच." आप्पा तिथेच खाटेवर. थेंब घालायला मान मागे करून बसले होते. डोळ्यांतून गालावर आलं ते औषध होतं की काय, माझ्यासारख्या निर्जीवाला कसं कळणार?

पुन्हा राबायला लागलो. पण दिवस फिरले होते. आता भाजीवालीकडेही काळापांढरा चौकोन लटकला. लोक फोन दाखवायचे नि चालते व्हायचे. आनंदीबाई दुकानात मला घेऊन उभ्या राहिल्या तर माणसं वळून दुसरीकडे बघायची. एकदा यमुनाबाईंनी तोंडावर सांगितलं, "आनंदे, आता कोण कार्ड घालतो गो? तुझं ते देव्हाऱ्यात ठेव नि बस घंटा वाजवत." लेकीच्या लग्नातल्या साड्या विसरली बया. आनंदीबाई तशाच वळल्या. घरापर्यंत मला त्यांनी मुठीत एवढं दाबलं की माझ्या कोपऱ्याला चीर गेली. ती हीच.

पॉइंट थेंबाथेंबानं साठत होते नि आप्पांच्या डोळ्यांतली गोल काच तितकीच आवळत होती. आधी परातीएवढी, मग वाटीएवढी. एका सकाळी त्यांनी विचारलं, "आज मळभ हाय काय गो?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आनंदीबाई म्हणाल्या, "हाय थोडं."

पॉइंट दुसऱ्यांदा भरले तेव्हाही पाऊस कोसळत होता नि पौर्णिमेला अवकाश होता. योगिनी दबकत म्हणाली, "आई, नारळ पडेपर्यंत थांबू. या वेळी मुदत आहे." आनंदीबाईंनी तांदूळ निवडता निवडता फोन पुढे सरकवला. वर बघितलंसुद्धा नाही. "आलेला आकडा वाच नि घाल. आणि या घरात पुन्हा नारळाचं नाव नको."

असे आम्ही गेलो. बोटीवर मला काही काम नव्हतं. तिथं दरवाजे दुसऱ्याच कार्डानं उघडायचे. मी आनंदीबाईंच्या बटव्यात. पण बटव्याचं तोंड सैल होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. आप्पांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. जेवणाच्या दालनाशेजारून जाताना थबकून म्हणाले, "कांदा करपवलान कोणीतरी." आनंदीबाई म्हणाल्या, "करपू दे. तुम्हाला नाय जायचं खाली." एका पोरानं वाकून त्यांच्यापुढे चहा ठेवला. आप्पांनी कप दोन्ही हातांनी चाचपला, नि पोराला विचारलं, "जेवलास का रे?"

संध्याकाळी त्या त्यांना वर घेऊन गेल्या. आप्पा कठडा धरून उभे राहिले. नुसते उभे. तोंड मात्र मागं, बोटीच्या भिंतीकडे होतं. आनंदीबाईंनी खांदे धरून त्यांना समुद्राकडे वळवलं. भोवती माणसं फोटो काढत होती, हसत होती.

"आता कुठे आलो?" आप्पांनी विचारलं.

लांब किनाऱ्यावर दीपगृह मिचकावत होतं. "रत्नागिरी आली," आनंदीबाई म्हणाल्या.

"आपलं घर दिसतं?"

दिसत होती ती फक्त एक काळी रेघ. पण ज्या बाईनं जन्मात त्या मळभाखेरीज कुणाला गोड खोटं सांगितलं नाही, ती बोलायला लागली. "दिसतं तर. पडवीत दिवा लावलान योगिनीनं. खिडकी उघडीच टाकलीय भवानीनं, आपटत असेल. माडाच्या झावळ्या हलतायत. समुद्र कसा, तर आपल्या मागच्या दाराच्या रंगासारखा, जुना हिरवा..."

आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोलतेस गो. एवढ्या लांबनं पडवी दिसत नाय. दरवेळी हितनं जाताना खालच्या काचेतनं मी शोधायचो. कधी दिसली नाय."

आनंदीबाईंनी बटवा माझ्यासकट पोटाशी धरला.

"थांबलीस काय?" आप्पा म्हणाले. "सांग पुढे."

ती सफर संपली नि माझीही मुदत संपली. नवीन कार्ड आलं, ते पाकिटातच पडून आहे. आनंदीबाईंनी ते फोडलंच नाही. मला त्यांनी कापलं नाही, फेकलं नाही, या फटीत खोचलं. खिडकीखाली आप्पांची खुर्ची आहे. आता त्यांना ऊन नि सावलीही वेगळी कळत नाही. संध्याकाळी विचारतात, "आज समुद्र कसा हाय गो?" आनंदीबाई हातातलं काम ठेवून येतात नि जसा आहे तसा सांगतात. गढूळ असेल तर गढूळ. खोटं आता सांगत नाहीत.

मित्रांनो, मला फार जपलं हो या घरानं. कुंकू लावलं, पदरानं पुसलं, देवाशेजारी बसवलं. पण वस्तू जपून माणूस जपला जात नाही. तुमच्या घरात कुणी एवढंसं काही मागितलं असेल, नुसतं उभं राहायचंय म्हणालं असेल, तर मुहूर्त नि मान बघत बसू नका. बँक निदान पॉइंट संपायची तारीख कळवते. डोळ्यांकडून कुणाला निरोप येत नाही.

वारा सुटलाय. खिडकी धरून ठेवायला हवी. खाली आप्पांनी मान वर केलीय, विचारतील आता.